राधानगरीचे पाणी, कोल्हापूरचे ताट

जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात कोल्हापुरात एक आकडा शाळकरी पोरांनाही पाठ असतो : ३४७.५० फूट. राधानगरी धरण भरल्याची ही खूण. पाणी ३४४, ३४५ करत वर सरकू लागले की पंचगंगेकाठच्या गल्ल्यांत माळ्यावर सामान चढू लागते, चहाच्या टपरीवर अंदाज लढवले जातात, आणि मग एखाद्या पहाटे मोबाइलवर बातमी येते : राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला, १४२८ क्युसेक विसर्ग सुरू. थोड्या वेळाने दुसरा. पावसाने धरून ठेवले तर सातही.

हे दरवाजे कोणी उघडत नाही. पाणी ठरलेल्या पातळीला पोहोचले की त्याच्याच दाबावर ते उचलले जातात आणि पातळी उतरली की आपले आपण बसतात. वीज नको, बटण नको, साहेबांची सही नको. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर मात्र या गुणाकडे जरा संशयानेही पाहिले जाऊ लागले. धरण भरण्याआधी थोडी जागा मोकळी करून ठेवावी म्हटले, तर हे दरवाजे ऐकत नाहीत; ते आपल्या पातळीलाच उघडणार.

दाजीपूरच्या जंगलात गवे बघायला निघालेल्या गाड्या या धरणावर फोटोपुरत्या थांबतात. पाच मिनिटे, एक सेल्फी, पुढे घाट. पण कोल्हापूरच्या शेतीत आणि खाण्यापिण्यात जे काही नवे घडले, त्याची सुरुवात शोधायची तर गाडी इथेच बंद करून उतरावे लागते. ऊस, गूळ, दूध, आणि आता नाचणी आणि मध, या सगळ्याचा हिशेब फेजिवडे गावाजवळच्या या भिंतीपाशी येऊन मिळतो.

ही भिंत उभी करायला घेतली ती शाहू महाराजांनी. ते १८९४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर आले आणि दोन-तीन वर्षांतच त्यांची दुष्काळाशी, पाठोपाठ प्लेगाशी गाठ पडली. १९०२ मध्ये ते युरोपात जाऊन आले आणि त्याच वर्षी संस्थानाचे पाटबंधाऱ्यांचे धोरण ठरले. त्याआधी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवून त्यांनी गुळाला बाजार दिला होता. आता गुळाच्या मागे ऊस हवा होता आणि उसाच्या मागे बारमाही पाणी. भोगावतीवर धरणाचे काम १९०९ च्या सुमारास सुरू झाले. गावाला कन्या राधाबाई, म्हणजे आक्कासाहेब महाराज, यांचे नाव मिळाले आणि जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचे. एका छोट्या संस्थानाच्या तिजोरीने एवढे मोठे काम अंगावर घेणे हे त्या काळी धाडसच होते, आणि ते पेलले नाहीच. पहिल्या महायुद्धाने महागाई वाढवली, पैसा संपला, भिंतीचे काम अर्धवट थांबले. १९२२ मध्ये महाराज गेले. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. धरण पूर्ण व्हायला १९५० चे दशक उजाडावे लागले.

आजच्या मोजमापाने ते लहानच. ८.३६ टीएमसी पाणी. याच तालुक्यात पुढे दूधगंगेवर झालेले काळम्मावाडी धरण २५ टीएमसीच्या वर आहे. कोयना तर १०५. मग राधानगरीचे एवढे कौतुक कशाला?

कौतुक पाणी साठवण्याचे कमी, ते खाली नेण्याच्या रीतीचे जास्त. धरण म्हटले की डोळ्यांपुढे कालवा येतो : खोदलेला, अस्तरीकरण केलेला, शेवटच्या टोकाला कोरडा. राधानगरीच्या पाण्याला कालवा नाही. धरणातून पाणी सोडायचे ते थेट भोगावतीच्या पात्रात, आणि नदीनेच ते पुढे न्यायचे. वाटेत नदीवर ठिकठिकाणी बंधारे. दगडी खांब, त्यांना उभ्या खाचा, आणि पावसाळा सरला की त्या खाचांत बसवायच्या फळ्या, म्हणजे बरगे. आधी हे बरगे लाकडी असत, आता बरेचसे लोखंडी. बरग्यांच्या दोन ओळींमधल्या फटीत माती भरली की नदीत मैलभर मागेपर्यंत पाण्याची फूग चढते. जूनमध्ये पाऊस सुरू होण्याआधी बरगे काढून घ्यायचे, म्हणजे पूर खांबांमधून मोकळा निघून जातो आणि गाळही साचत नाही. बंधाऱ्यातले पाणी उपशाने संपत आले की वरून धरणातून आणखी सोडायचे.

याच रचनेला पुढे सरकारी कागदोपत्री ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हे नाव मिळाले आणि ती महाराष्ट्रभर पोहोचली. ज्यांनी कोल्हापूर कधी पाहिलेही नाही अशा मराठवाड्यातल्या गावांतही ‘केटी वेअर’ आहेत. बऱ्याच ठिकाणी मात्र बंधारा गेला, त्याच्या मागचे धरण गेले नाही. शिवाय बरगे घालायला माणसे वेळेवर येत नाहीत, लोखंडी बरगे चोरीला जातात, आणि खांब तेवढे उरतात. पंचगंगेच्या खोऱ्यात ही रीत टिकली, कारण वर भरलेले धरण होते आणि खाली बरगे घालण्याची गरज असलेला शेतकरी होता. दोन्ही टोके ओढलेली असली तरच मधला दोर ताठ राहतो.

नदी खाली, शेत वर. पाणी चढवायचे कसे? एकट्यादुकट्याला पंप, पाइप, विजेचे कनेक्शन परवडत नव्हते. म्हणून गावोगाव सहकारी पाणीपुरवठा संस्था निघाल्या. नदीकाठी जॅकवेल, तिथून डोंगराच्या कडेपर्यंत पाइप, शिवारात पाण्याच्या पाळ्या, पाटकऱ्याचा पगार, वीजबिलाची वाटणी, आणि एकरी आकारणीवरून वार्षिक सभेत कडाक्याचे भांडण. कोल्हापूर जिल्ह्यातला सहकार म्हटला की सगळे साखर कारखान्याकडे बोट दाखवतात. पण साखर कारखान्याच्या आधी पाणी संस्था होती, आणि जिल्ह्याच्या राजकारणाची बाराखडीही बहुतेकांनी तिथेच गिरवली. उन्हाळ्यात पाटबंधारे खाते उपसाबंदीचे दिवस जाहीर करते, तेव्हा पाच-सहा गावांची पाळी एका नदीवर बसवण्याचे काम किती नाजूक असते ते कळते.

कोल्हापूरहून राधानगरीकडे निघाले की या सगळ्याचा परिणाम खिडकीतून दिसतो. हळदी, परिते इथवर रस्त्याच्या दोन्ही अंगांना उसाच्या भिंती. परित्याला भोगावती साखर कारखाना. जिल्ह्यातल्या उसाचा साखर उतारा राज्यात वरचा, बारा टक्क्यांच्या आसपास. कारखान्याचा हंगाम चालू असला की रस्त्यावर ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, वाटेवर पडलेल्या मोळ्या, आणि एकदम गोडसर, जरा आंबूस वास. आडसाली, लावण, खोडवा हे शब्द इथे ऋतूंसारखे वापरले जातात.

उसाची दुसरी वाट गुऱ्हाळात जाते, आणि खाण्याच्या अंगाने पाहिले तर तीच अधिक रसाळ. गुऱ्हाळघर म्हणजे एक छोटा कारखानाच, फक्त त्याचा इंजिनिअर कधी कॉलेजात गेलेला नसतो. त्याला गुळव्या म्हणतात. घाण्यावर उसाचा रस निघतो, तो काहिलीत येतो. खाली चुलवाणात जळव्या वाळलेली चिपाडे सारत असतो. जाळ किती ठेवायचा हे त्याने गुळव्याच्या नजरेवरून ओळखायचे. रस तापू लागला की रानभेंडीच्या खोडाचे चिकट पाणी घालतात, त्याबरोबर मळी वर येते, ती काढून टाकायची. मग रस आटतो, फेसाळतो, रंग बदलतो. नेमका उतरवायचा क्षण कुठला, हे गुळव्या गार पाण्यात थेंब टाकून बोटांनी पाहतो. थोडे आधी उतरवले तर काकवी, थोडे उशिरा तर करपट. तापलेली काहील वाफ्यात ओतली जाते, ढवळून निवत आली की साच्यात. बाजारात जातो तो तीस किलोचा रवा.

या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राने गुळासाठी चांगली ठरलेली को ९२००५ ही उसाची जातही दिली. म्हणजे कागदावर सगळे उत्तम. प्रत्यक्षात गुऱ्हाळे कमी होत चालली आहेत. कारखाना ऊस तोडून नेतो, तोडणीची टोळी त्याची, पैसे कायद्याने ठरलेल्या दराने. गुऱ्हाळ चालवणाऱ्याला मात्र रोज पहाटे माणसे शोधावी लागतात, आणि चांगला गुळव्या मिळणे तर दुर्मीळच. बाजाराने आणखी एक खोड लावली. गुजरातच्या पेठेला पिवळाधमक गूळ हवा असायचा. तो रंग आणण्यासाठी काहिलीत हायड्रॉस हे रसायन पडू लागले. आता शहरातला तोच ग्राहक रसायनविरहित, काळपट गूळ जास्त पैसे देऊन मागतो. आजोबांनी जो गूळ ‘माल काळा पडला’ म्हणून कमी भावात विकला, तो नातू एक किलोच्या खोक्यात, गुळाची पावडर किंवा छोट्या वड्या करून विकतो. हा बदल चांगलाच आहे. फक्त त्याला परंपरेचे पुनरुज्जीवन वगैरे म्हणण्याआधी मधली ती पिवळी वर्षे विसरू नयेत.

परिते मागे पडले, डोंगर जवळ आले, की उसाच्या भिंती हळूहळू तुटतात. मध्येच भाताची खाचरे दिसू लागतात. राधानगरी-दाजीपूरच्या पट्ट्यात वर्षाला साडेतीन-चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला शिरोळला तो पाच-सहाशेच्या घरात. एका जिल्ह्यात एवढा फरक असल्यामुळे ‘कोल्हापूरची शेती’ असे सरसकट बोलणेच चुकीचे. वरच्या गावांत पाऊस अति, जमीन उताराची, माती धुऊन जाणारी, आणि वर्षातले चार महिने पाण्याखाली गेले तरी उन्हाळ्यात विहिरीला तळ. उसाने श्रीमंत झालेला तो खालचा कोल्हापूर. पाणी जिथे पडते आणि साठते तो वरचा.

वरच्या कोल्हापूरचे पीक भात. राधानगरीत महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र आहे, भातावर काम करणारे. पर्यटकांच्या यादीत ते कधी येत नाही. पण भाताच्या नव्या वाणांच्या नावामागे ‘आरडीएन’ अशी अक्षरे दिसली, तर ती याच गावाची. ‘फुले राधा’ हा इथला वाण. दुसरा सुवासिक, त्याचे नाव नदीवरून, ‘भोगावती’. राधानगरीच्या नावाने देशात भात पिकतो ही गोष्ट राधानगरीतल्या खानावळीत बसून भात जेवणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसते.

पण नुसत्या वाणाने काम भागत नाही. अतिपावसाच्या भातशेतीतली खरी अडचण खताची. शेतकरी युरिया फेकतो आणि तासाभरात आलेली सर तो ओढ्याला नेऊन देते. पैसे पाण्यात, शब्दशः. यावर डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली चारसूत्री भातशेती हे मराठी मातीतल्या सर्वांत हुशार उपायांपैकी एक मानायला हवे. पहिले सूत्र : भाताचे तूस जाळून त्याची राख रोपवाटिकेत, काडाचे तुकडे शेतात, म्हणजे सिलिका परत जमिनीला. दुसरे : बांधावर गिरिपुष्प लावायचे आणि त्याचा पाला चिखलणीत गाडायचा. तिसरे : रोपे दोरीवर, पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर लावायची, म्हणजे चार-चार चुडांचे चौकोन तयार होतात. चौथे : प्रत्येक चौकोनाच्या मधोमध, चिखलात सात ते दहा सेंटिमीटर खोल, युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट हाताने खोचायची. हेक्टरी ६२,५०० ब्रिकेट, म्हणजे १७० किलोच्या आसपास खत. वरून कितीही पाऊस कोसळो, गोळी जागची हलत नाही. हळूहळू विरघळते आणि चारही चुडांना पुरते.

यात कुठलेही यंत्र नाही, नवे रसायनही नाही. आहे ते खताला जागेवर बसवण्याचे डोके. याची किंमत मात्र कंबरेने चुकवावी लागते, कारण वाकून एकेक गोळी खोचण्याचे काम बहुतेक बायकांच्या वाट्याला येते. हे तंत्र सगळीकडे सारखे पसरले नाही, त्याचे एक कारण हे. रोपलावणीच्या दिवसांत माणसे मिळत नाहीत, पैरा फेडून घ्यावा लागतो; अशा वेळी दोरी धरून चौकोन साधत बसायला फुरसत कोणाला? मे महिन्यात धूळवाफ पेरणी करून मोकळे होणारे शेतकरी इथे पुष्कळ आहेत ते याच हिशेबाने. तज्ज्ञांच्या पुस्तकात उत्पादन एकरी मोजतात. गावात ते माणशी मोजले जाते.

भाताच्याही वर, जिथे खाचर पाडता येत नाही अशा उतारावर, नाचणी. तिचाही तरवा टाकायचा, रोपे उपटून लावायची, कणसे हाताने खुडायची, बडवायची. इतके कष्ट करून घरात शिजायची ती भाकरी आणि आंबील, आणि पाहुणे आले की ती झाकून ठेवून भात वाढला जायचा. काळी भाकरी ही गरिबीची खूण होती. आज दाजीपूरच्या वाटेवरच्या पाटीवर ‘नाचणीची भाकरी मिळेल’ हे मटणाच्या आधी लिहिलेले असते.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले आणि सरकारी भाषणांत नाचणीला एकदम मान आला. तो मान पोकळ नव्हता. २०२३-२४ च्या हंगामात नाचणीचा हमीभाव क्विंटलला ३,८४६ रुपये होता आणि साध्या भाताचा २,१८३. कोल्हापूरच्या कृषी संशोधन केंद्राने ‘फुले नाचणी’ आणि कासारी नदीच्या नावाची ‘फुले कासारी’ असे वाण आधीच दिले होते. बचत गटांनी लाडू, पापड, बिस्किटे काढली. तरीही राधानगरीच्या उतारांवर नाचणीचा पेरा वाढवायचा तर आणखी एका पक्षाची संमती लागते. तो पक्ष म्हणजे गवा.

दाजीपूरचे जंगल ही एके काळची संस्थानाची शिकारीची जागा. १९५८ मध्ये ते अभयारण्य झाले, महाराष्ट्रातले पहिले. पुढे १९८५ मध्ये ते वाढवून साडेतीनशे चौरस किलोमीटरांवर नेले गेले, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या जागतिक वारसास्थळांत राधानगरीचे नाव लागले. गव्यांची संख्या सांभाळली गेली हे अभयारण्याचे यश. रात्री तेच यश कळपाने शेतात उतरते. पोटरीत आलेले भात, नाचणीची कणसे, कोवळा ऊस, सगळे चालते त्याला. शेतकऱ्याने मचाण बांधून राखण करायची, डबे वाजवायचे, सकाळी पंचनाम्यासाठी अर्ज. नुकसानभरपाई मिळते, पण तिचा मेळ कागदांशी असतो, गेलेल्या रात्रींशी नसतो. मधमाशी पाळणे हा धंदा या भागात नव्याने का रुजू लागला याचे एक साधे उत्तर इथेच आहे : मधपेटी गवा खात नाही.

त्यासाठी राधानगरीच्या शेजारचा भुदरगड तालुका पाहायला हवा. वेदगंगेच्या उगमाकडे, डोंगराच्या कुशीत पाटगाव. मौनी महाराजांच्या मठामुळे ते नाव जुन्या बखरींच्या वाचकांना ठाऊक. शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर निघताना तिथे आले होते. महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ मध्ये राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाने मधाचे गाव म्हणून उभे केले, त्यानंतर हा मान पाटगावला मिळाला. २०२३ मध्ये केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या उत्कृष्ट पर्यटन गावांच्या स्पर्धेतही पाटगाव पुरस्कारात आले.

इथली माशी सातेरी. आग्या माशी उंच कड्यावर किंवा झाडावर उघडे पोळे बांधते आणि तिच्या वाटेला जाणे जिवावरचे. सातेरी ढोलीत, अंधारात, समांतर पोळ्या लावते, म्हणून पेटीत नांदू शकते. फुलोरा बदलतो तसा मध बदलतो : जांभळाचा कडवट झाक असलेला, हिरड्याचा वेगळा, आणि सात-आठ वर्षांतून एकदा कारवी फुलली की तिचा. जंगलातला मध काढण्याची जुनी पद्धत म्हणजे धूर करून पोळे पिळणे, त्यात अंडी-पिलेही चिरडली जात. पेटीतली चौकट यंत्रात फिरवून मध काढला की पोळे शाबूत राहते आणि माश्यांना ते पुन्हा बांधण्याचे कष्ट वाचतात. एवढ्याशा फरकाने जंगल तोडण्याऐवजी राखण्यात घराचा फायदा दिसू लागतो. जांभळाचे झाड सरपणाला गेले तर पुढच्या वर्षी बाटल्या कमी.

सरपणाचा प्रश्न निघालाच आहे तर गोबरगॅसकडे वळू या, कारण या जिल्ह्याची ही एक मोठी पण कमी बोलली जाणारी करामत आहे. बायोगॅस संयंत्रे बांधण्यात कोल्हापूर जिल्हा राज्यात सातत्याने पुढे राहिला. कारण गोठा. १९६३ मध्ये जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजेच ‘गोकुळ’, स्थापन झाला आणि वाडीवस्तीवर दूध संस्था पोहोचली. ऊस अठरा महिन्यांनी पैसे देतो, भात पोटापुरते पिकतो. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी. फॅटचा आकडा लिहिलेले पुस्तक घरातल्या बाईच्या हाती. आणि दिवाळीच्या तोंडावर मिळणारा दूध दर फरक. कोल्हापूरच्या खेड्यात कपड्याच्या दुकानापासून फटाक्याच्या गाड्यापर्यंत सगळ्यांची नजर त्या फरकाकडे लागलेली असते. एखाद्या घरी दिवाळीत फराळाच्या डब्यात चकली असेल, तर तिच्यात म्हशीचाही वाटा असतो.

दावणीला दोन म्हशी असल्या की शेणाला तोटा नाही. शेणातून गॅस, गॅसवर चहा आणि भाकरी, उरलेली मळी उसाच्या सरीत. अभयारण्याच्या काठच्या गावात याचा अर्थ डोक्यावरची मोळी उतरणे. वनखात्याच्या नियमांनी जे साधले नसते ते म्हशींनी बऱ्याच अंशी साधून दिले.

आता जेवणाकडे. कोल्हापूरचे नाव काढले की तांबडा-पांढरा रस्सा आलाच, आणि राधानगरीच्या हॉटेलांतही तो मिळतो. पण तो दरबाराचा आणि शहराचा स्वयंपाक. इथले म्हणावे असे ताट ऋतूवर ठरते. मेमध्ये फणसाची भाजी, करवंदे, जांभळे, आळू, तोरणे. पहिल्या पावसात प्रवाहाच्या उलट वर येणारे चढणीचे मासे. ते अंडी घालायला निघालेले असतात, म्हणून पकडताना हात आखडता घ्यावा हे जुनी माणसे सांगत आणि नवी माणसे विसरतात. मग खाचरातले खेकडे, पाट्यावर वाटून गाळलेला त्यांचा रस्सा, सोबत मऊ भात. श्रावणात भारंगी, टाकळा, कुर्डू, मोरशेंड. रानभाज्यांचे महोत्सव आता कृषी खातेच भरवते. तिथे कुठली भाजी आधी उकडून पाणी टाकायची, कुठल्या पानाला चिंच लावल्याशिवाय घसा खाजतो, हे सांगणाऱ्या आज्या एका दिवसापुरत्या तज्ज्ञ होतात. हे ज्ञान एका दिवसाच्या मंडपात मावणारे नाही, पण मंडप नसता तर सुनांनी ते विचारलेही नसते.

या ताटावर चरितार्थ करू पाहणारी घरे तालुक्यात वाढत आहेत. अंगणात दोन खोल्या, वर पत्रा, चुलीवरची भाकरी, मेअखेरीस काजव्यांनी लखलखणारी झाडे दाखवायला गावातलाच पोरगा. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले तेव्हा शेतकऱ्याला जोडधंद्याचा एक अधिकृत दरवाजा उघडला. धोका एवढाच की पाहुण्याला जे हवे तेच शेत दाखवू लागते. काजव्यांच्या रात्री मोटारींच्या दिव्यांनीच काजवे हरवावेत इतकी गर्दी होते, आणि चुलीवरच्या भाकरीचे फोटो काढणारी मंडळी पनीरही मागतात. यजमान तेही करून देतो. त्याला दोष कसा द्यावा?

पाण्याचाही असाच एक पाहुणा आहे, मोठा. कोल्हापूर शहर इतकी वर्षे पंचगंगा आणि भोगावतीवर भागवत होते. मग काळम्मावाडीहून थेट पाइपलाइनची योजना आली. पन्नासहून अधिक किलोमीटरची नळवाहिनी, वर्षानुवर्षांची आंदोलने, आश्वासने, रखडलेली कामे, आणि अखेर २०२३ च्या नोव्हेंबरात, ऐन दिवाळीत, शहरात ते पाणी पोहोचले. शहराने फटाके उडवले. राधानगरी तालुक्याच्या अंगणातले पाणी खालच्या शेताला गेले होते, आता खालच्या नळालाही गेले. धरणात ज्यांची गावे गेली त्यांच्या पुनर्वसनाच्या बैठका त्यानंतरही चालू राहिल्या. वरच्या गावांनी काय घ्यायचे, हा प्रश्न मधपेट्या, नाचणी आणि घरगुती खानावळी मिळून सोडवू पाहत आहेत, आणि राधानगरीच्या आठ टीएमसीच्या तुलनेत त्यांचा आकार अजून फारच छोटा आहे.

दिवाळीच्या सुमारास राधानगरीला जाण्याचे बरे दिवस सुरू होतात. भाताची कापणी उरकत आलेली असते, खळ्यावर मळणी, रस्त्याच्या कडेने वाळत टाकलेले भात वाचवत गाडी हाकावी लागते. नाचणी थोडी मागून येते. भोगावतीच्या बंधाऱ्यांवर बरगे घालण्याचे काम चालू असते. कोणी अडवत नाही, उभे राहून पाहता येते, आणि एक खाच भरायला किती माणसांचा कस लागतो तेही कळते. गुऱ्हाळे नुकती पेटलेली असतात. हंगामाच्या सुरुवातीचा गूळ घ्यावा की महिनाभर थांबावे, यावर स्थानिकांत एकमत नाही. ऊस जसा पक्व होईल तशी गोडी वाढते, म्हणून थांबा म्हणणारे जास्त. मध घ्यायचा तर कुठल्या फुलाचा आणि कुठल्या महिन्यात काढलेला, हे विचारून घ्यावा. विकणाऱ्याला सांगता आले नाही, तर पुढच्या दुकानात जावे.